डब्यासकट वजन

मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी वजनकाट्यावर उभा होतो. उजव्या हातात पिठाचा डबा, डाव्या हातात तुरीच्या डाळीचा. काट्यावर ब्याऐंशी पूर्णांक नऊ आलं आणि तो आकडा नेहमीसारखा आपोआप मनोरमाच्या फोनमध्ये गेला. मी डबे खाली ठेवले, चष्मा लावला, आकडा पोचल्याची हिरवी खूण बघितली, आणि तेवढ्यात त्याच पडद्यावर नेहाचा निरोप आला. 'आंटी, गला खराब है क्या? दो महीने से आपकी आवाज़ नहीं सुनी. अंकल का तो सब ठीक दिख रहा है. एक बार बोलकर भेजिए ना.' मी तो दोनदा वाचला आणि बाजूच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची आहे हे आधी हाताने चाचपून पाहिलं. हल्ली मला तसंच बसावं लागतं.

मनोरमा माझी बायको. ती अकरा फेब्रुवारीला गेली. आता एप्रिल संपत आलाय. सकाळी साडेदहाला ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती, म्हणाली, जरा पाणी द्या. मी पाणी घेऊन आलो तेव्हा ती भिंतीला टेकली होती आणि मेथीची जुडी मांडीवर होती. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पुण्याला विक्रांतला, म्हणजे माझ्या मुलाला, नागपूरला माझ्या बहिणीला, ग्वाल्हेरला तिच्या माहेरी, इथे बरखेड्याला कारखान्यात माझ्याबरोबर नोकरी केलेल्यांना, दूधवाल्याला, बँकेला. फक्त नेहाला माहीत नाही. नेहा मालवीय ही माझं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञ. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर जे पेशंट घरी जातात त्यांच्यावर ती फोनमधल्या ॲपवरून लक्ष ठेवते. मी तिला कधी पाहिलेलं नाही. ती मनोरमाची. म्हणजे तिची ओळख, बोलणं, थट्टा, सगळं मनोरमाशी होतं. पेशंट मी होतो.

माझं वजन एकशेएकतीस किलो होतं. साखर होती, गुडघे गेले होते, आडवं झालं की श्वास अडकायचा. मागच्या वर्षीच्या आधीच्या डिसेंबरात ऑपरेशन झालं. पोट आमटीच्या वाटीएवढं ठेवलं आणि आतडं पुढे जोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चाळीस टक्के, बाकी साठ टक्के घरी. त्या साठ टक्क्यांसाठी ते ॲप. रोज विचारतं, पाणी किती ग्लास, प्रोटीन किती, गोळ्या घेतल्या का, उलटी झाली का, गोड खाल्लं का, किती चाललात. हिंदीत विचारतं आणि खाली हाँ किंवा नहीं दाबायचं. काटाही त्यांनीच दिलेला, तो वजन स्वतःच पाठवतो. सोबतीचा माणूस म्हणून एकाचं नाव आणि नंबर लिहायचा होता. मी म्हटलं, मला ते फोनचं जमत नाही, हिचं लिहा. जमलं असतं. मला ते करायचं नव्हतं. चौतीस वर्षं मी कारखान्यात टर्बाइनच्या भागांची मापं घेतली, शंभर शंभर रीडिंगं दिवसाला लिहिली, आता घरी बसून स्वतःच्या पोटाची रीडिंगं कोण लिहिणार असं मला वाटलं. मनोरमानं फोन घेतला. तिला हिंदी टाइप करायला वेळ लागायचा म्हणून ती माइकचं बटण दाबून बोलायची. दुपारी जेवण झालं की गॅलरीत वेताच्या मोड्यावर बसून बोलायची. मला आतून तिचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. मला वाटायचं, बायका बोलतायत.

पहिलं खोटं चौदाव्या दिवशी झालं. त्या दिवशी आमच्याकडे गोडाचं जेवण असतं. त्याशिवाय सुतक उतरत नाही. गोडाचा पहिला घास घरातल्या मुख्य माणसानं घ्यायचा, मग बाकीचे जेवतात. नागपूरहून आलेल्या माझ्या बहिणीनं, शारदाताईनं, श्रीखंड केलं होतं. मी म्हटलं, ताई, मला साखर चालत नाही, ऑपरेशनपासून बंद आहे. ताई म्हणाली, "अरे, चमचाभर श्रीखंडानं कोणी मरतं का विलास?" आणि मग तिलाच कळलं आपण काय बोललो. पानं वाढलेली होती, माणसं वाट बघत होती. मी एक चमचा घेतला, मग ताईच्या चेहऱ्याकडे बघून आणखी दोन. दहा मिनिटांत अंगाला घाम सुटला, छाती धडधडायला लागली, पोटात पिळा. मी मोरीत जाऊन कडी लावून खाली बसलो. बाहेर लोक जेवत होते, कोणीतरी मठ्ठा मागत होतं. खिशात मनोरमाचा फोन होता. खबर कळलेल्या लोकांचे फोन तिच्याच फोनवर येत होते म्हणून तो मी जवळ ठेवला होता. तो वाजला. ॲपनं विचारलं, 'आज मीठा लिया?' मी नहीं दाबलं. का दाबलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हाँ दाबलं असतं तर नेहाचा फोन आला असता आणि तिनं आंटीला मागितलं असतं. त्याखाली नेहाचे तेरा दिवसांचे साठलेले निरोप होते. ते वाचायची माझ्यात ताकद नव्हती. घामानं पडदा ओला झाला होता. मी सगळ्यांना मिळून एकच उत्तर टाइप केलं, 'सब ठीक है बेटी.' मग तोंड धुऊन बाहेर आलो.

माणसं गेली, विक्रांत गेला. जाताना म्हणाला, "बाबा, आईचा नंबर बंद करून टाकू का? उगाच रिचार्ज कशाला." मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस. त्याला वाटलं मला तिचे फोटो बघायचे असतील. फोटो मी बघत नाही. मला ती रोजची विचारपूस हवी होती. जगात एक अशी जागा उरली होती जिथे मनोरमा गेल्याची खबर पोचली नव्हती. तिथे अजून सकाळी तिची वाट बघत होते. 'सुप्रभात मनोरमा जी' असं लिहून येत होतं. मी उत्तर दिलं की ती जागा आणखी एक दिवस तशीच राहायची. मग मी तिच्यासारखं लिहायला लागलो. 'इन्होंने आज दो इडली खाई.' 'ये आज आधा घंटा चले.' स्वतःला 'ये' म्हणायला पहिल्या दिवशी विचित्र वाटलं, मग नाही वाटलं. कारखान्यात मी खोटी रीडिंगं पकडण्यात पटाईत होतो. आळशी माणूस न मोजता आकडे भरतो तेव्हा ते फार शहाणे असतात, सगळे मर्यादेच्या मधोमध. खरं माप कधी तिरकं जातं. म्हणून मी पाणी कधी सात ग्लास लिहिलं, कधी नऊ. आठवड्यातून एकदा उलटीला हाँ दाबलं. प्रत्यक्षात मी सकाळी चहा घेत होतो, त्यात बिस्किट बुडवत होतो, दुपारी कधी भात केला तर दोन घासांनंतर उलटी व्हायची. चावून खायला कोणी आठवण करत नव्हतं. गोळ्यांचा डबा स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर होता. तो मी काढलाच नाही. एक वजन तेवढं खोटं लिहिता येत नव्हतं, काटा ते परस्पर पाठवायचा. दोन आठवड्यांत चार किलो उतरलं तेव्हा मी काट्यावर चढताना हातात डाळीचा डबा घेतला. मग आणखी उतरलं तसं पीठही घेतलं. वाटीनं घालून, पुन्हा उभं राहून, हळूहळू जमवत. कारखान्यात मापाला उणा पडलेला भाग खाली पत्र्याची पट्टी सरकवून पास करू बघणारे लोक मी ओरडून बाहेर काढले होते. आज दोन्ही डब्यांचं मिळून नऊ किलो तीनशे ग्राम झालंय. त्या पिठात अळ्या झाल्यात. पोळ्या करणारं कोणी नाही.

आणि आता नेहा आवाज मागत होती. तेवढं मला करता येणार नव्हतं. मी काय लिहावं याचा विचार करत खुर्चीवर बसून राहिलो. गला बैठा है, असं लिहिलं असतं तर आठ दिवस निघाले असते. मग? उन्हं गॅलरीतून आत आली. पाय उन्हात होते, ते मला बघून कळलं. पंधरा दिवसांपासून पायाखाली गोणपाट अंथरल्यासारखं वाटतं. गेल्या आठवड्यात भर दुपारी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला अनवाणी गेलो, खाली आल्यावर तळव्याला मोठा फोड दिसला. भाजलं तेव्हा कळलंच नव्हतं. चालताना मी भिंत धरतो. परवा शेजारच्या बाईंनी दारात विचारलं, भैयाजी, तबियत? मी म्हटलं, गर्मी है. हे सगळं कशानं होतंय ते मला माहीत होतं असं नाही, पण कशाकडे चाललंय ते माहीत होतं. हॉस्पिटलातून सुट्टी देताना डॉक्टरांनी मला आणि मनोरमाला समोर बसवून सांगितलं होतं, विटामिन कायमचे, उलट्या चालू राहिल्या आणि पाय बधिर झाले तर त्याच दिवशी यायचं, नसांचं एकदा बिघडलं की मागे येत नाही, जीवही जातो. मनोरमानं तेव्हा मान हलवली होती. मी खिडकीतून पार्किंग बघत होतो.

माइकचं बटण मी दाबलं आणि सोडलं. त्या जागेच्या वर तिचे जुने आवाज होते, एकाखाली एक, चौदा महिन्यांचे. मी ते कधी ऐकले नव्हते. बोट वर सरकवत गेलो आणि अगदी सुरुवातीचा एक लावला. "नेहा बेटी, नमस्ते. आज इन्होंने दाल का पानी लिया, चालीस मिली. बोले, ये तो डाळ धोने का पानी है. मैंने बोला, वोही है, पी लो." मागे कुकरची शिट्टी होती. ती ग्वाल्हेरची, तिचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं, पण घाई झाली की मराठी घुसायचं. पुढचा लावला. "आज इनको मळमळ हुआ. मळमळ को क्या बोलते बेटी, वो उलटी के पहलेवाला जो होता है." त्याखाली नेहानं लिहिलं होतं, 'मितली, आंटी. पर मळमळ ज़्यादा सही लग रहा है.' मी हसलो. बऱ्याच दिवसांनी तसा आवाज घरात झाला आणि मला तो कोणा दुसऱ्याचा वाटला. आणखी एक. "ये बोल रहे हैं आठ गिलास पानी पिया. तू छह पकड़. इनका हमेशा दो कम करके पकड़ना बेटी, नौकरी में भी साहब को ऐसे ही बोलते होंगे." नोकरीत मी तसं कधीच केलं नाही. हे तिला सांगायला हवं होतं. पाण्याच्या बाबतीत ती बरोबर होती.

मी ऐकत गेलो. माझ्या शौचाची चौकशी होती, केस गळत होते त्याची, मी रुसलो त्याची. माझं शरीर ती अशी रोज कोणालातरी सांगत होती आणि मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. तेवीस जानेवारीचा आवाज बावीस सेकंदांचा होता. "और बेटी, एक बात. मेरे को आजकल जीना चढ़ते में यहाँ भारी भारी लगता है. तीसरे माले पे रुकना पड़ता है. लिफ्ट बंद है ना हमारी. उमर का होगा. इनको मत बताना, घबरा जाएँगे और खाना छोड़ देंगे." आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मिसरोदला, आमच्या भागात, बरेच जण असेच वर राहतात, लिफ्ट आहे असं कागदावर असतं. तिसऱ्यावर ती कठड्याला धरून उभी राहायची हे मी पाहिलं होतं. मी तोवर वर पोचलेला असायचो. पंचेचाळीस किलो उतरलेला माणूस, मला पायऱ्या मोजायच्या असायच्या. वरून मी हाक मारायचो, "काय मॅडम, आता तुम्ही मागे?" ती खालून हसायची. तिला उत्तर द्यायला वेळ लागायचा. तो वेळ मला जिंकल्यासारखा वाटायचा.

नेहानं त्याच दिवशी लिहिलं होतं, 'आंटी, ये टालने की बात नहीं है. कल ही ईसीजी करवाइए और मुझे बताइए.' दोन दिवसांनी, 'आंटी, ईसीजी?' मनोरमाचा आवाज, "हाँ हाँ बेटी, करवाती हूँ. संक्रांत का हळदीकुंकू हो जाने दे. रथसप्तमी तक रहता है हमारा. तीस-चालीस औरतें आएँगी, अभी कहाँ जाऊँ." त्या दिवसांत ती वाण आणायला तीनदा न्यू मार्केटला गेली होती. प्लास्टिकच्या चाळण्या आणल्या होत्या. पाच फेब्रुवारीला नेहा, 'आंटी, हो गया हळदीकुंकू? अब ईसीजी.' मनोरमा, "कल पक्का." मग अकरा तारीख. अकराला कोणी काही लिहिलं नव्हतं. तेराला नेहा, 'आंटी, ईसीजी की रिपोर्ट क्या आई? बता दीजिए, मुझे चिंता है.' आणि त्याच्या खाली, रोजचे सुप्रभात सोडले तर, पुढची ओळ चौदाव्या दिवसाची, माझी. 'सब ठीक है बेटी.'

फोन मी पलंगावर उलटा ठेवला. मग सुलटा केला. ती ओळ तिथेच होती. काय विचारलंय ते न वाचता मी उत्तर दिलं होतं आणि त्या मुलीनं ते रिपोर्टचं उत्तर म्हणून घेतलं होतं. दोन महिने तिनं पुन्हा विचारलं नव्हतं. निश्चिंत झाली असणार. आता मी खरं सांगितलं तर ती मागे जाऊन हेच सगळं वाचणार, तारखा लावणार, आणि तिला वाटणार, अकरा तारखेच्या आत मी चौथ्यांदा का नाही विचारलं. नाही सांगितलं तर हे असंच चालेल, मी भिंत धरून चालेन, मग भिंतही पुरणार नाही. मला फार जगायचं आहे असं तेव्हा वाटलं नाही. खोटं सांगणार नाही. पण मनोरमानं चौदा महिने ज्याचा एक एक चमचा मोजून सांगितला ते शरीर मी दोन डब्यांच्या आड नासवत होतो, आणि वर तिच्याच तोंडून सांगत होतो की ठीक आहे. तिच्या तोंडी खोटं घालायचा मला काही अधिकार नव्हता. मी माइक दाबला. "बेटी, मैं अंकल बोल रहा हूँ. आंटी ग्यारह फरवरी को गईं. उसके बाद का सब मैंने लिखा. वज़न डब्बे पकड़कर लिया है, असली तिहत्तर छह है. गोली नहीं खाता. रोज़ उलटी होती है. पैर सुन्न हैं." अठरा सेकंद झाले.

दोन मिनिटांत फोन आला. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा वयानं मोठा होता. ती म्हणाली, "अंकल, आँखें बंद करके सीधे खड़े हो सकते हैं? नहीं, मत कीजिए. अकेले हैं? सीढ़ी अकेले मत उतरिए. किसी को बुलाइए और अभी आइए, मैं नीचे मिलूँगी." मी चौकीदाराला, रामसिंगला, हाक मारली. तो माझ्याच वयाचा आहे. त्यानं मला काखेत धरून चार मजले उतरवलं. दुसऱ्यावर थांबून म्हणाला, "बाबूजी, पहले तो ये ज़ीना आपसे डरता था. अब तो मैं अकेला दो आप उठा लूँ." मी म्हटलं, "एक ही है, संभालकर ले चल."

रिक्षात मी उत्तर तयार केलं. नेहा विचारणार, ईसीजीचं काय झालं. मी सांगणार, झालं होतं. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, मिसरोदच्या लॅबमध्ये, दुपारी. रिपोर्ट नॉर्मल होता, डॉक्टर म्हणाले गॅस असेल. रिपोर्ट घरात कुठेतरी असेल, सापडत नाही. मी ते उलटसुलट तपासलं, कुठे ढिलं वाटलं नाही. होशंगाबाद रोडवर ऊन होतं, रिक्षावाला फोनवर कोणाशी लग्नाच्या मांडवाबद्दल बोलत होता. त्या मुलीला तेवढं देता येईल असं मला वाटलं. दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं.

ती दारातच व्हीलचेअर घेऊन उभी होती. चाळिशीची असेल, सुती साडी, वर पांढरा कोट, केसांत थोडं पांढरं. तिनं 'अंकल?' असं विचारलं आणि मी मान हलवली. तिनं स्वतः मला काट्यावर उभं केलं. हात मोकळे होते, ते कुठे ठेवावेत कळेना. तिनं आकडा बघितला आणि लिहून घेतला. डॉक्टर येऊन गेले, डोळे हलवायला लावले, तळव्यांना टाचणी टोचली, विटामिन लगेच शिरेतून सुरू करा म्हणाले. पायांचं किती परत येईल ते महिनाभरानं कळेल. नर्स सलाईनची तयारी करायला गेली. आम्ही दोघंच राहिलो. नेहा पलंगाच्या कडेला उभी होती आणि हातातल्या फाइलकडे बघत होती. "अंकल," ती म्हणाली, "चौबीस फरवरी को जो लिखा था, सब ठीक है, वो आपने लिखा था?" मी म्हटलं, "हाँ. ऊपर क्या पूछा था, पढ़ा नहीं था." ती म्हणाली, "आंटी ने ईसीजी करवाया था?"

सगळं तयार होतं. तारीख, लॅब, दुपार. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो रिपोर्टची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता. समोरच्याला एखादा आकडा हवासा असला तरी आपण तो लिहायचा नाही, हे मी नोकरीत पोरांना शिकवत होतो, ते आठवलं म्हणून नाही. मला फक्त असं वाटलं की मनोरमाबद्दल आणखी एक खोटी गोष्ट माझ्याच्यानं सांगवणार नाही.

"नहीं करवाया," मी म्हटलं.

तिनं फाइलमधलं एक पान उलटलं.

"आपने चार बार पूछा था," मी म्हटलं. "आज गिना मैंने. घर में किसी ने एक बार नहीं पूछा. मैं रोज़ उसके साथ सीढ़ी चढ़ता था."

तिनं फाइल मिटली आणि माझ्या उशाशी ठेवली. खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिची पाठ माझ्याकडे होती. मला वाटलं आता ती जाईल, दुसऱ्या कोणाला पाठवेल, तिला दीडशे पेशंट आहेत. मग तिनं तिथूनच विचारलं, "कैसी दिखती थीं? मैंने तो कभी देखा नहीं." मी सांगायचा प्रयत्न केला. उंची कमी. कपाळ मोठं. बोलताना उजवा हात हलायचा. एवढंच आलं. बत्तीस वर्षं समोर होती आणि मला एवढंच सांगता आलं. नेहा म्हणाली, "हाँ. मुझे लगता था हाथ हिलाती होंगी."

नर्स आली, शीर शोधली, सुई घातली, पिवळं औषध नळीतून उतरायला लागलं. नेहा खुर्ची ओढून बसली आणि माझं मनगट धरलं. औषध आत गेलं तिथून हात दंडापर्यंत जळायला लागला.

"जल रहा है?" तिनं विचारलं.

"हाँ."

"एक से दस में कितना? सही सही बताइए."

मी डोळे मिटले, थांबलो, नीट अंदाज घेतला.

"चार," मी म्हटलं. "नहीं. पाँच."